लाल एल आणि रस्त्यावरचं सोयाबीन

ऑक्टोबरमध्ये आमच्याकडं दोन गोष्टी बरोबरच येतात. फाट्यापासून गावापर्यंतच्या डांबरी रस्त्यावर सोयाबीन पसरलं जातं, आणि पप्पांच्या मोबाइलवर मेसेज येतो की गाडीचा विमा संपत आला आहे. पप्पा असले मेसेज स्वतः वाचत नाहीत. मोबाइल माझ्यापुढं धरतात आणि म्हणतात, "बग बरं, काय म्हणायलेत." मी वाचते. साधी आठवण असते, मुदत संपतेय, नवा विमा काढा. बाहेरून सोयाबीनचा वास येत असतो, थोडा कच्च्या डाळीसारखा, थोडा तापलेल्या डांबरासारखा, आणि माझा डावा हात आपोआप मिटतो. क्लच दाबल्यासारखा.

मी गाडी शिकले तो हंगाम मागे पडून आता दोन वर्षं होतील. त्याबद्दल मी कुणाशी फारसं बोललेली नाही. गाडी शिकणं ही काय सांगायची गोष्ट आहे, असं वाटतं. आमच्या गावात पोरं मिसरूड फुटायच्या आत गाडी शिकतात. त्यांना कुणी शिकवत नाही, लायसन कुणी मागत नाही, आणि भीती वाटली असं त्यांच्यापैकी एकानंही सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. मला वाटली. खूप वाटली. ती कशी होती ते नीट लिहून पाहावं, एवढंच मनात आहे.

ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांना आधी सोयाबीनचं सांगायला हवं. मळणी यंत्रातून निघालेल्या दाण्यात ओल असते. आडतीवर मूठभर दाणे यंत्रात टाकून ती ओल बघतात आणि ओल निघाली की भाव पाडतात. म्हणून दाणा वाळवायचा. अंगण पुरत नाही, आणि मातीपेक्षा डांबर जास्त तापतं. मग अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन अंथरायचं आणि कुणी वरून गाडी घालू नये म्हणून कडेनं दगड मांडायचे. दगड कमी पडले तर बाभळीची फांदी, फुटकी बादली, जुना टायर. बाया अनवाणी पायानं दाणे ओढत चालतात, म्हणजे खालचे वर येतात. संध्याकाळी पोती भरली जातात. दगड मात्र तिथंच राहतात, कारण उद्या पुन्हा लागणार असतात.

लहानपणापासून त्या रस्त्यावर माझी जागा ठरलेली होती. दगडांच्या आत. हातात काठी घेऊन बसायचं, शेळ्या हाकलायच्या, आणि गाडी आली की ओरडायचं, "ओ, बाजूनं घ्या की! दिसत न्हाई का?" गाडीवाल्यांचे चेहरे मी कधी बघितल्याचं आठवत नाही. त्यांची नुसती चाकं दिसायची. त्या चाकांवर बसलेलं माणूसही घाबरलेलं असू शकतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी अहमदपूरला बीएस्सीला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या वर्षी सकाळच्या बसची वेळ बदलली आणि ती बस धरून माझं पहिलं प्रॅक्टिकल कधीच मिळेना. फाट्यावरची जीप भरली की निघते, आणि कधी भरेल ते जीपवाल्यालाही माहीत नसतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. पप्पा मिस्त्री आहेत. त्यांचं काम बहुतेक जळकोटच्या बाजूला, माझं कॉलेज उलट बाजूला. खोली करून राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं. तेवढ्यात नांदेडच्या मामानं नवी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला देऊ केली. स्कूटी नव्हे, गिअरची मोटारसायकल.

पप्पा दोन दिवस विचार करत होते. मग म्हणाले, "शिक. मी कामाला दुसऱ्याच्या मागं बसून जाईन. पर एक सांगतो. एकदा जरी पडलीस तर गाडी बंद. मग घरी बसून बीए कर, बाहेरून." ते रागानं बोलले नव्हते. उलट बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मला रसायनशास्त्र आवडतं, हे त्यांना माहीत होतं.

मामा नांदेडला सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय आहे. हातपाय मोडून आलेल्या पोरांच्या खाटा रोज ढकलतो. त्यामुळं त्याचं एकच म्हणणं, कागद झाल्याबिगर चावी देणार नाही. गाडी पप्पांच्या नावावर झाली. माझं शिकाऊ लायसन निघालं. परीक्षेसाठी मी रस्त्यावरची सगळी चिन्हं पाठ केली होती, वळण, शाळा, अरुंद पूल, घसरडा रस्ता. पास झाले. आमच्या फाट्यापासून गावापर्यंत त्यातलं एकही चिन्ह नाही, आणि सोयाबीनचं चिन्ह त्या यादीत नव्हतं.

राहिला विमा. तो संपून बरेच दिवस झाले होते. मामा आम्हाला त्याच्या ओळखीच्या इम्रानभाईंकडं घेऊन गेला. झेरॉक्सच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांचं टेबल, टेबलावर लॅपटॉप, बाजूला चहाचे कागदी कप एकात एक घातलेले. त्यांनी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, पप्पांचं नाव विचारलं, मग म्हणाले, "नॉमिनी कोण टाकू?"

पप्पांना कळलं नाही. मामानं समजावलं, "भावजी, तुमाला काय झालं तर पैसे कुणाला द्यायचे, ते इचारायलेत."

"मला काय व्हणार हाय?" पप्पा एकदम म्हणाले.

"अल्ला करो, काही नको व्हायला," इम्रानभाई म्हणाले. "रकाना हाय म्हणून भरायचा."

"मग हिच्या मायचं टाका."

मला विचारायचं नव्हतं, पण पडद्यावरचा शब्द दिसत होता. मी विचारलं, "थर्ड पार्टी म्हणजे काय हो?"

"आसान हाय ताई. पहिले तुम्ही. दुसरी कंपनी. तिसरा म्हणजे तुमची गाडी ज्याला लागंल तो. त्याची भरपाई कंपनी करती."

"तो कोण?"

इम्रानभाई हसले. "आता ते मला काय मालूम? अजून लागली कुठं?"

मामा हसला, पप्पा हसले. मीही हसले. प्रिंटरमधून कागद येत होता, गरम होता. मी तो घडी न घालता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. पण हसू ओठांवरच राहिलं होतं. कुणीतरी शांतपणे धरून चाललं होतं की एक दिवस माझ्या गाडीपुढं एक माणूस येणार. त्याची सोय आधीच करून ठेवली होती. फक्त तो कोण हे ठरायचं बाकी होतं.

मामा गाडी घेऊन मागून येणार होता, म्हणून पप्पा आणि मी बसनं परत आलो. खिडकीशी बसून मी त्याला शोधत होते. पुलाच्या कठड्याला टेकून उभा असलेला म्हातारा. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली बाई, तिला तर मान वळवताच येत नव्हती. सायकलवर डबल सीट चाललेल्या शाळेच्या पोरी. हा असेल का? ही असेल? एवढी माणसं रस्त्यावर असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. सगळे आपापल्या कामाला चालले होते आणि माझ्याबद्दल त्यांना काहीच कल्पना नव्हती.

शिकणं सुरू झालं शाळेच्या मैदानावर. पुढं मी, मागं पप्पा. त्यांचं लायसन जुनं, आणि शिकवणारा लायसनवाला असेल तर त्याला मागं बसता येतं, हे मी वाचून त्यांना सांगितलं होतं. गाडीला पुढं आणि मागं पांढऱ्या कागदावर लाल एल चिकटवला होता.

"क्लच हळू सोड."

"हळू म्हणजे किती हळू?"

"दुधावरची साय काढती की न्हाई? तसं."

साय मला काढता यायची. क्लच नाही. गाडी एक उडी मारायची आणि बंद पडायची. पप्पांचे गुडघे माझ्या दोन्ही बाजूंना घट्ट आवळलेले असायचे. ते घाबरलेत हे मला त्या गुडघ्यांवरून कळायचं, आणि मग मी जास्त घाबरायचे. सुरू करण्याआधी मनातल्या मनात त्रिसरण म्हणायचे, ते संपेपर्यंत मागून आवाज यायचा, "झोपलीस का?"

चुलत भाऊ गजू रोज भिंतीवर बसून बघायचा. तो माझ्याएवढाच. तो लायसनबिगर लातूरपर्यंत जाऊन येतो.

"ते लाल काय चिटकवलं गं?"

"एल. शिकाऊ आहे म्हणून."

"आसं व्हय. मला वाटलं, एल म्हंजे लांब ऱ्हावा." आणि भिंतीवरची सगळी पोरं खिदळली. मला राग आला नाही. गजू म्हणाला तेच मला प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटत होतं. लांब राहा. कृपा करून लांब राहा.

मैदानावर गोल फिरता येऊ लागल्यावर पप्पा म्हणाले, आता रस्ता. तोवर काढणी होऊन रस्ताभर सोयाबीन आलं होतं. मी म्हटलं, सोयाबीन उचलल्यावर जाऊ. ते म्हणाले, "तवर तुझी हजेरी ऱ्हाती का?"

रस्त्यावर बाया होत्या. त्या सगळ्या मला ओळखणाऱ्या, काठी घेऊन बसलेली बघितलेल्या. "सरका गं, इमान आलं!" एकजण ओरडायची. दुसरी म्हणायची, "बापाला कशाला घेतलीस मागं, वझं व्हतंय गाडीला." हँडल ओलं होईपर्यंत माझ्या तळव्यांना घाम यायचा. सांडलेले दाणे चाकाखाली आले की गाडीचं मागचं अंग हलकेच सरकायचं, छर्ऱ्यांवरून चालल्यासारखं. ते सरकणं एक श्वासभरच असायचं. पण त्या श्वासात मला आधी प्रयोगशाळेचं दार दिसायचं, बंद होताना, आणि मग एक माणूस दिसायचा. त्याला चेहरा नसायचा.

त्या दिवशी आमचं सोयाबीन वळणाच्या पुढं होतं. सकाळी मायबरोबर मीच ते पसरलं होतं. दगड मीच मांडले होते, चांगले मोठे आणि नेहमीपेक्षा थोडे बाहेर, कारण आदल्या दिवशी एक ट्रॅक्टर कडेनं दाणे चिरडत गेला होता. मग हात धुऊन मी पप्पांबरोबर गाडी घेऊन फाट्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

वळण घेतलं आणि समोरून बस आली. मोकळा अर्धा रस्ता तिचा होता. माझ्या अर्ध्यात दगड होते. दगडांच्या आत पिवळं सोयाबीन, आणि सोयाबीनमध्ये पाठमोरी माय, साडी वर खोचून पायानं दाणे ओढत चाललेली.

"ब्रेक! अगं ब्रेक!" पप्पा ओरडले. मला ब्रेक कुठं असतो ते आठवेना. खरंच आठवेना. हातात काय आहे, पायाखाली काय आहे, काहीच. दोन दगडांमधून चाक आत शिरलं आणि गाडी दाण्यांवर गेली. मी दोन्ही पाय खाली सोडले. दाणे चपलेत, सलवारीत, सगळीकडं. मागचं चाक आडवं सरकलं, मागचं वजन एकदम नाहीसं झालं, गाडी धक्का खाऊन बंद पडली. माय वळली तेव्हा पुढचं चाक तिच्या साडीला लागलेलं होतं. ती मागं सरली नाही. तिनं दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि गाडी पडू दिली नाही.

बस निघून गेली. पप्पा मागं सोयाबीनमध्ये उताणे पडले होते.

"डाळ करायलीस का गं रस्त्यावरच?" माय म्हणाली. "लातूरच्या डाळमिलला न्यायची गरजच न्हाई मग." शेजारच्या बाया हसल्या. पप्पा उठून पँट झटकू लागले. मला मात्र हसणाऱ्या मायचे हात दिसत होते. तिनं अजून हँडल सोडलं नव्हतं.

त्या क्षणी मला कळलं की बसच्या खिडकीतून मी भलत्याच माणसांत शोधत होते. तिसरा माणूस म्हणून मी अनोळखी चेहरेच धरत होते. आणि मायसाठी तिसऱ्याची ती जागा कुणी अडवून ठेवली होती? सकाळी तिच्याबरोबर दगड मांडणाऱ्या माझ्याच हातांनी. दगडांच्या आत होते तेव्हा चाकांची भीती वाटायची, चाकांवर बसले तेव्हा दगडांची. दोन्हीकडं मीच होते, तरी एका बाजूला असताना मला दुसरी बाजू आठवली नव्हती.

संध्याकाळी जेवताना पप्पा वाकले आणि त्यांच्या खिशातून सोयाबीनचे दाणे ताटात पडले. कुणी हसलं नाही. चावी बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खिळ्याला अडकवलेली होती. पप्पांनी ती तिथं अडकवली होती, आणि मी ती मागितली नाही. पडले ते पप्पा, मी नाही, असा हिशेब करून भांडता आलं असतं. मला भांडायचंच नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण मला सुटल्यासारखं वाटलं होतं. बाहेरून बीए. घरी राहायचं, कुणाच्या अंगावर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वही उघडून बसायचे आणि तोच वास खिडकीतून आत यायचा.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. रोज सकाळी गाडीनं जाते. कायमचं लायसन आहे, एल काढून टाकला, त्याचा गोंद अजून नंबरच्या पाटीवर चिकटलेला आहे. भीती गेली असं मी म्हणणार नाही. वळणाच्या आधी माझी गाडी इतकी हळू होते की गजू मागून हॉर्न वाजवतो. परवा एक छोटी पोरगी दगडांच्या आतून काठी उगारून माझ्यावर ओरडली, "ओ ताई, बाजूनं!" मी थांबले आणि तिच्याकडं नीट बघितलं. तिला वाटलं मी भांडणार, ती दोन पावलं मागं सरली. मला तिला सांगायचं होतं की मीसुद्धा तुला घाबरते. पण नुसती मान हलवून पुढं गेले.

भीतीचं काय करायचं ते मला मायनं शिकवलं. ती गाडी चालवत नाही. सायकलही नाही.

मी कॉलेज सोडून घरी बसले होते त्याच दिवसांतली गोष्ट. पप्पा कामावर गेले होते. आमचं सोयाबीन उचलून झालं होतं. दुपारी मायनं खिळ्यावरची चावी काढली आणि माझ्यापुढं धरली. "चल. मला फाट्याकडं सोड."

"माय, लर्निंगवर तुला मागं बसवता येत नाही. शिकवणाराच बसू शकतो, त्याच्याकडं लायसन पाहिजे."

"मग मी चालत येते. तू गाडी ढकलत आण."

ढकलत आणली. रस्ता रिकामा होता, आपापले दगड तेवढे सगळ्यांनी सोडून दिलेले. वळणापाशी माय थांबली. तिनं आमचे दगड एकेक करून उचलले आणि खाली शेताच्या बांधाकडं टाकले. मग शेजाऱ्यांचेही. पोती भरल्यावर कुणी दगड उचललेले मी त्या रस्त्यावर पहिल्यांदाच बघत होते. मीही उचलायला लागले. दगडांच्या धुळीनं हात पांढरे झाले.

सगळा रस्ता मोकळा झाल्यावर ती म्हणाली, "तुला चालवायचं समद्यांनी शिकवलं. थांबायचं कुणीच न्हाई." आणि ती चालत पुढं गेली, बरीच पुढं, आणि रस्त्याच्या मधोमध माझ्याकडं तोंड करून उभी राहिली. "आता ये. मी हालणार न्हाई."

"माय, बाजूला हो. मला जमणार नाही."

"कामून जमत न्हाई? माझ्याकडं बग अन् ये."

"लागली म्हणजे?"

"म्हणून तर तुलाच थांबायचं हाय."

मी गाडी सुरू केली. त्रिसरण आठवलं नाही. काहीच आठवलं नाही. समोर फक्त ती होती, पदर कमरेला खोचलेली, उन्हानं डोळे बारीक केलेली. क्लच सुटला, साय निघाल्यासारखा. गाडी तिच्याकडं चालू लागली. ती मोठी होत गेली. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दिसल्या, मग पायाच्या भेगांत बसलेली सोयाबीनची धूळ. या वेळी माझा पाय खाली गेला तो ब्रेकवर. हातही दाबला गेला. गाडी थांबली. बंदसुद्धा पडली नाही, माझ्याखाली धडधडत उभी राहिली.

मायनं चाकाकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं. मधे एक माणूस आरामात उभं राहील एवढी जागा होती. मी रडत होते. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, आणि बाजूला झाली.

"हं," ती म्हणाली. "आता जरा लांबून ये."